फुकट शिक्षणाचे दाम

दर वर्षी पदवी परीक्षांचे निकाल लागू लागले की पुण्या-मुंबईतच नव्हे, तर सांगली-नांदेडसारख्या शहरांतूनही एक जाहिरात झळकू लागते : जर्मनीत मोफत उच्च शिक्षण! सभागृहे भरतात, सल्लागार मंडळी पडद्यावर आकडे दाखवितात आणि "शुल्क शून्य" हे दोन शब्द ऐकून पालकांचे चेहरे उजळतात. या जाहिरातींचा समाचार घेण्यापूर्वी मला माझाच अपराध कबूल केला पाहिजे. अर्थशास्त्र शिकविण्यात उभी हयात घालविलेल्या मीही हे वाक्य वर्गात अनेकदा उच्चारले आहे. एका निवृत्त एस. टी. वाहकाच्या बुद्धिमान मुलाला "तू जर्मनीलाच जा, तिथे शिक्षण फुकट आहे" असे सांगणारा मीच. गेल्या दिवाळीत तो भेटावयास आला. तक्रार अशी त्याने केली नाही. एवढेच म्हणाला, "सर, फी नाही हे खरंच आहे. पण फी सोडून बाकी सगळ्याला पैसे पडतात."

अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला विद्यार्थ्याने याहून चांगला धडा काय द्यावा?

प्रथम, जे चांगले आहे ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. जर्मनीतील सार्वजनिक विद्यापीठांची शुल्कमुक्ती ही कोणा राज्यकर्त्याच्या औदार्यातून आलेली नाही. ती झगडून मिळविलेली आहे. १९७० च्या सुमारास तेथील विद्यार्थ्यांनी व्याख्यानशुल्कावर बहिष्कार टाकला आणि ते रद्द करावयास लावले. २००५ साली घटनात्मक न्यायालयाच्या निकालाने राज्यांना पुन्हा शुल्क आकारण्याची मुभा मिळाली, तेव्हा सात राज्यांनी एका सत्राला सर्वसाधारणपणे ५०० युरोपर्यंत शुल्क बसविले. जनमताचा रेटा असा आला की २०१४ पर्यंत ते सर्वत्र मागे घ्यावे लागले. बव्हेरियात तर २०१३ साली तेरा लाखांहून अधिक मतदारांनी त्याविरुद्ध सह्या केल्या.

या परंपरेचे दैनंदिन रूप पाहावयाचे असेल तर विद्यापीठाच्या भोजनालयात जावे. 'मेन्सा' म्हणून ओळखले जाणारे हे भोजनालय विद्यार्थीसेवा मंडळ चालविते. नफा हा त्याचा उद्देश नाही. तेथे एकाच ताटाचे दर तीन : विद्यार्थ्याला सर्वांत कमी, कर्मचाऱ्याला त्याहून अधिक, पाहुण्याला सर्वांत जास्त. विद्यार्थ्याचे ओळखपत्र दाखविले की पुरे. तुम्ही बर्लिनचे की बार्शीचे, हे कोणी विचारीत नाही. सत्रागणिक भरावयाच्या वर्गणीतून भोजनालयाचा, वसतिगृहाचा आणि बहुतेक ठिकाणी बस-रेल्वेच्या पासाचाही भार उचलला जातो. माझा विद्यार्थी म्हणाला, "तिथं ताट घेऊन बसलो की मी परदेशी आहे हे विसरायला होतं." समतेची याहून सोपी व्याख्या मला ठाऊक नाही.

परंतु या ताटापर्यंत पोहोचण्यापूर्वी एक भिंत ओलांडावी लागते. व्हिसा मागणाऱ्या विद्यार्थ्याने वर्षभराच्या निर्वाहाची सोय आधीच सिद्ध करावयाची असते. शिष्यवृत्ती किंवा तेथील हमीदार नसेल तर एकच वाट उरते : गोठविलेले खाते. २०२४ च्या सप्टेंबरपासून या खात्यात ठेवावयाची रक्कम ठरली ११,९०४ युरो, म्हणजे सुमारे बारा लाख रुपये. हे पैसे सरकार गिळंकृत करीत नाही. ते विद्यार्थ्याचेच असतात आणि महिन्याला ९९२ युरो याप्रमाणे त्याला परत मिळतात. मग तक्रार कशाची?

तक्रार या ९९२ च्या आकड्याचीच आहे. तो आला कोठून? गरीब कुटुंबातील जर्मन विद्यार्थ्याला तेथील शासन 'बाफोग' नावाची निर्वाहमदत देते. २०२४ च्या सुधारणेनंतर त्या मदतीची कमाल मर्यादा झाली नेमकी महिन्याला ९९२ युरो. त्यातील निम्मी रक्कम अनुदान, निम्मी बिनव्याजी कर्ज; आणि परतफेडीलाही १०,०१० युरोंची कमाल मर्यादा. म्हणजे ज्या रकमेविना विद्यार्थी जगू शकत नाही असे शासन मानते, ती रक्कम ते आपल्या गरिबाला देते आणि परक्या गरिबाकडून आगाऊ मागते. शिक्षणासाठी व्हिसा घेऊन गेलेल्याला ही मदत साधारणतः मिळत नाही. आकडा एकच, एकासाठी ती शिडी, दुसऱ्यासाठी तीच भिंत!

आता या ९९२ युरोंत दिवस कसे निघतात ते पाहा. बाफोगच्या हिशेबात निवासाला ३८० युरो धरलेले आहेत. म्युनिकसारख्या शहरात सामायिक घरातील एका खोलीलाच सातशे-आठशे युरो पडतात. विद्यार्थीसेवा मंडळांची वसतिगृहे स्वस्त खरी, पण तेथील जागा एकूण विद्यार्थ्यांच्या मानाने फारच थोड्या. मग नवागत विद्यार्थी महिनोन् महिने खोली शोधीत हिंडतो. पत्ता असल्याखेरीज नगरपालिकेत नोंदणी नाही, आणि पुढच्या बहुतेक कागदांना त्या नोंदणीचा दाखला लागतो. आरोग्य विम्याचे शंभराहून अधिक युरो दरमहा वेगळेच.

तूट भरून काढावयाची तर काम करावे लागते. २०२४ च्या मार्चपासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे, आणि किमान वेतनाचा कायदा परदेशी विद्यार्थ्यालाही लागू आहे. काम मिळाले तर हिशेब जुळतो, हे मी नाकारीत नाही. परंतु अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी दुकानदार, घरमालक आणि मुकादम जर्मन बोलतो. भाषा येईपर्यंत वाट्याला येतात ती गोदामातील रात्रपाळी आणि सायकलवरून जेवणाचे डबे पोहोचविण्याची कामे. माझा विद्यार्थी आठवड्यातून तीन रात्री पार्सले वेगळी करीत असे आणि सकाळी परीक्षेला बसत असे. तेथे एका विषयाला बहुधा तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा नापास झाला की प्रवेश रद्द, आणि प्रवेशाबरोबर वास्तव्याचा परवानाही धोक्यात. स्थानिक मुलाने परीक्षा गमावली तर त्याचा अभ्यासक्रम जातो. परक्या मुलाचे छप्पर जाते.

आणि आता तर शुल्कही परत आले आहे. मात्र सर्वांसाठी नव्हे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांवर सत्राला १,५०० युरो शुल्क बसविले. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासक्रमानुसार २,००० ते ६,००० युरो ठरविले. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या संघीय तंत्रसंस्थेने २०२५ च्या शरद सत्रापासून परदेशी विद्यार्थ्यांचे शुल्क तिप्पट केले. ज्या जर्मन राज्यांत मतदाराच्या मुलावर ५०० युरो टिकले नाहीत, त्यांपैकीच दोन राज्यांत मत नसलेल्याच्या मुलावर त्याच्या कित्येक पट बसविणे शक्य होते. यात शिक्षणशास्त्र कोठेही नाही. आहे ती केवळ मतपेटी.

येथे आक्षेप घेतला जाईल की जर्मन करदात्याने परक्यांच्या मुलांना का पोसावे? हा आक्षेप हिशेबाच्या कसोटीवर टिकत नाही. जर्मनीला कुशल मनुष्यबळाची चणचण आहे आणि तेथेच शिकून तेथेच राहणारा तरुण तिला हवा आहे. जर्मन शैक्षणिक विनिमय सेवेने करवून घेतलेल्या २०२५ च्या अभ्यासाचाही निष्कर्ष हाच, की परदेशी विद्यार्थ्यांवर झालेला खर्च पुढे त्यांच्या करांतून आणि विमा-वर्गणीतून भरून निघतो आणि वर शिल्लक राहते. शिवाय पहिलीपासून पदवीपर्यंतचा त्या तरुणाचा खर्च कोणी केला? आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेने, आपल्या अनुदानित महाविद्यालयाने आणि त्याच्या आईबापांनी. कोण कोणाला पोसतो आहे?

तथापि सगळा दोष बर्लिनच्या माथी मारून मोकळे होणे हा आत्मवंचनेचा प्रकार होईल. राममनोहर लोहिया १९२९ ते १९३३ या काळात बर्लिनमध्ये शिकले. त्याच सुमारास इरावती कर्वेही तेथे शिकत होत्या. तेव्हा जाणारे मूठभर होते. २०२३-२४ च्या सत्रात जर्मनीत सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते आणि परदेशी विद्यार्थ्यांत त्यांचाच क्रमांक पहिला होता. हा लोंढा केवळ ज्ञानलालसेचा नाही. रिकाम्या प्राध्यापकपदांची, तासिका तत्त्वावर चालणाऱ्या विभागांची आणि भरमसाट शुल्काच्या खासगी संस्थांची ती फलश्रुती आहे. घरातून ढकलले गेलेले मूल शेजाऱ्याच्या दारात उभे राहते, तेव्हा शेजाऱ्याच्या कद्रूपणाइतकीच घराचीही चौकशी झाली पाहिजे.

वाहकाच्या मुलाचा हिशेब सांगून थांबतो. बारा लाखांचे कर्ज घराच्या तारणावर, दसादशे अकरा टक्क्यांनी. म्हणजे मुद्दल बाजूला ठेवले तरी नुसत्या व्याजाचेच महिना अकरा हजार रुपये. श्रीमंत बापाच्या मुलासाठी गोठविलेले खाते म्हणजे नुसती ठेव. गरीब बापाच्या मुलासाठी ते कर्ज. जर्मन शिक्षण फुकट आहे ते पहिल्यासाठी.

म्हणून मागणी दोन्हीकडे केली पाहिजे. जर्मन विद्यार्थी संघटनांना आपण सांगू या, की तुम्ही ५०० युरोंविरुद्ध लढलात, आता ९९२ च्या भिंतीविरुद्ध आणि निवडक शुल्काविरुद्ध लढा. मेन्साचा नियम प्रवेशद्वारालाही लावा. आणि आपल्या शासनाला ठणकावून सांगू या, की निर्वाहाच्या रकमेपुरते बिनव्याजी, बिनतारणी कर्ज कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना द्या आणि येथील विद्यापीठांतील रिकाम्या जागा भरा. राहता राहिला मी. "तिथे शिक्षण फुकट आहे" हे वाक्य मी यापुढे उच्चारणार नाही. ते मुलांना ऐकविणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने आधी कागद-पेन्सिल घेऊन बसावे आणि त्या मुलाच्या बापाच्या बाजूने एकदा बेरीज करावी.