खरिपाच्या उधारीला नियमांत जागा द्या : नांदेड-लातूरच्या कृषी निविष्ठा विक्रेत्यांचे मागणीपत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मार्फत : मा. जिल्हाधिकारी, नांदेड व मा. जिल्हाधिकारी, लातूर

विषय : कृषी निविष्ठांच्या हंगामी उधारीबाबत बँक, कर व वसुलीच्या नियमांत बदल होणेबाबत.

महोदय,

मृगाचा पाऊस झाला की बियाणे, खत, तणनाशक सगळे एकाच आठवड्यात लागते आणि नेमका त्याच वेळी शेतकऱ्याचा हात रिकामा असतो. ज्याचे पीककर्ज थकले, त्याला बँक नवे कर्ज देत नाही. अशा असंख्य शेतकऱ्यांची पेरणी आमच्या खतावणीवर होते. नाव लिहून माल दिला जातो आणि हिशेब सोयाबीन विकल्यावर, दसरा-दिवाळीला होतो.

आम्हीही माल उधारीवरच आणतो. कंपनी किंवा घाऊक वितरक साधारण ३० ते ४५ दिवसांची मुदत देतो. लवकर पैसे दिले तर रोख सवलत मिळते, उशीर झाला तर व्याज लागते. हमी म्हणून अनेकांकडून ठेव आणि सही केलेले कोरे चेक घेतले जातात. जूनच्या मालाचे पैसे जुलै-ऑगस्टमध्ये द्यायचे आणि आमचे येणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये यायचे, असा हा व्यवहार आहे. मधल्या तीन महिन्यांचा भार दुकानदार उचलतो.

हा भार किमतीतून भरून निघत नाही. डीएपीच्या १,३५० रुपयांच्या गोणीचे पैसे तीन महिने अडकले आणि भांडवलाचा खर्च दरमहा दीड टक्का धरला, तर गोणीमागे सुमारे ६१ रुपये जातात. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही आणि घेऊही नये. मात्र हा खर्च कोणीतरी सोसतो, याची दखल कोणत्याही नियमात नाही.

त्यात हंगाम बिघडला की सगळेच कोलमडते. २०२४ च्या सुगीत सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात दर त्याखाली होते. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने मराठवाड्यातील उभी पिके गेली. मुखेड तालुक्यात तर गावेच्या गावे पाण्याखाली आली. आपत्तीनंतर शेतकऱ्याला मदत मिळते, पीककर्जाचे पुनर्गठन होते. ते झालेच पाहिजे. पण त्याच शिवारात अडकलेल्या आमच्या येण्यासाठी तरतूद नाही आणि कंपनीचे देणे मात्र तारखेलाच द्यावे लागते.

कायदाही एकाच बाजूने लागू होतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात; उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. २ जुलै २०२१ पासून व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळाली, पण केवळ अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरती. दुसरीकडे, नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे मुदत उलटलेले देणे ३१ मार्चला बाकी राहिले, तर आयकर कायद्यातील तरतुदीमुळे ती खरेदी आमच्या त्या वर्षीच्या खर्चात धरली जात नाही. देणे असते तेव्हा कायदा आम्हाला बांधतो. येणे असते तेव्हा तोच कायदा आम्हाला संरक्षण देत नाही.

म्हणून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. कॅश क्रेडिटची उचल ठरवताना बँका साधारणपणे ९० दिवसांवरील येणे धरत नाहीत. जूनची उधारी नोव्हेंबरपर्यंत चालते, त्यामुळे ऐन गरजेच्या वेळी लिमिट घटते. कृषी निविष्ठांसाठी ही मुदत १८० दिवस करावी आणि लिमिटचे नूतनीकरण मे अखेरपर्यंत पूर्ण करावे. राज्यस्तरीय बँकर्स समितीत शासनाने हा ठराव मांडावा.

२. विलंबित देयकांचे संरक्षण सूक्ष्म व लघु व्यापाऱ्यांनाही द्यावे, अशी शिफारस केंद्राकडे करावी. हे संरक्षण संस्था, कारखाने व मोठे खरेदीदार यांच्याकडील येण्यापुरते असावे. शेतकऱ्यावर चक्रवाढ व्याज लागावे, अशी आमची मागणी नाही.

३. रासायनिक कीटकनाशकांवर १८ टक्के जीएसटी आहे. माल उधार दिला तरी कर वेळेवर भरावा लागतो आणि उधारी बुडाली तरी तो परत मिळत नाही. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांवरील बुडीत येण्यावरचा व्हॅट परत मागता येतो. तशी तरतूद जीएसटी परिषदेत मांडावी.

४. ठिबक व तुषार संचांवर ८० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. ते शेतकऱ्याच्या खात्यावर येईपर्यंत विक्रेत्याची संचाची रक्कम अडकते. तपासणीनंतर ३० दिवसांत अनुदान जमा करावे. युरोपीय संघात शासकीय देयकांसाठी सर्वसाधारणपणे हीच मुदत आहे.

५. शेतमाल तारण योजनेत सोयाबीन व तुरीच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते. दोन्ही जिल्ह्यांतील प्रत्येक बाजार समितीत ती सुगीच्या पहिल्या दिवसापासून सुरू राहावी. शेतकऱ्याला पडत्या भावात माल विकावा लागणार नाही आणि उधारीही फिटेल.

६. आपत्तीग्रस्त म्हणून जाहीर झालेल्या तालुक्यांत विक्रेत्यांच्या कॅश क्रेडिटचे पुनर्गठन व्हावे. कंपन्यांच्या देण्याला मुदतवाढ मिळावी, यासाठी कृषी आयुक्तांनी कंपन्यांची बैठक घ्यावी.

७. विक्रेत्यांकडून कोरे चेक घेण्याची प्रथा थांबवावी. हमीच्या चेकवर रक्कम व तारीख लिहिणे आणि त्याची लेखी पोच देणे बंधनकारक करावे.

या मागण्यांसोबत आम्हीही जबाबदारी घेतो. प्रत्येक उधारीची पावती देऊ. तीत रक्कम, तारीख आणि फेडीची मुदत लिहू. उधारीच्या बदल्यात जमिनीची कागदपत्रे ठेवून घेणार नाही. खतासोबत नको असलेला माल गळ्यात मारणार नाही. जो सदस्य हे मोडेल, त्याची बाजू आमची संघटना घेणार नाही.

येत्या खरीप आढावा बैठकीच्या विषयपत्रिकेत या मागण्यांचा समावेश करावा आणि आमच्या प्रतिनिधींना चर्चेस बोलवावे, ही विनंती. पेरणी सुरू झाल्यावर घेतलेला निर्णय त्या हंगामाच्या उपयोगाचा नसतो. तो मे महिन्यातच व्हावा.

आपले विश्वासू,
पदाधिकारी व सदस्य,
कृषी निविष्ठा विक्रेते, नांदेड व लातूर जिल्हे