बीटाच्या भरवशावर

सिग्नल येण्यापूर्वीच ट्रान्झिस्टरमधून ठरावीक डीसी प्रवाह वाहता ठेवणे, म्हणजेच बायसिंग, हा वर्धक परिपथाचा पाया असूनही दुरुस्तीच्या टेबलावर त्याची आठवण बहुधा ट्रान्झिस्टर बदलून झाल्यावरच होते. नवा ट्रान्झिस्टर त्याच क्रमांकाचा असला की काम भागले असे समजले जाते; परंतु बीसी ५४७ या एकाच क्रमांकाखाली बीटा, म्हणजे कलेक्टर प्रवाह बेस प्रवाहाच्या किती पट आहे हे सांगणारा अंक, ११० ते ८०० यांमध्ये कुठेही असू शकतो आणि ए, बी, सी अशा एकेका गटातही तो जवळपास दुपटीने बदलतो.

बेसला एकच रेझिस्टर असलेल्या परिपथात हा फरक लगेच भोवतो. १२ व्होल्टचा पुरवठा, कलेक्टरला ३ किलोओहम आणि बीटा २०० धरून बेसला सुमारे १.१ मेगओहम घातले, तर २ मिलिअँपिअर वाहून कलेक्टरवर ६ व्होल्ट मिळतात. त्याच जागी ४०० बीटाचा ट्रान्झिस्टर बसला की जवळजवळ सारे व्होल्ट कलेक्टरच्या रेझिस्टरवरच खर्ची पडतात, कलेक्टर ग्राउंडला टेकतो आणि आवाज फाटतो. सोपा म्हणून हाच परिपथ आधी शिकवला जातो, हे दुर्दैव.

याउलट बेसला ४७ आणि १० किलोओहमचा विभाजक, कलेक्टरला ३.९ आणि एमिटरला १ किलोओहम दिला, तर बीटा ११० असो वा ८००, प्रवाह साधारण १.३४ ते १.४४ मिलिअँपिअर एवढाच हलतो. कारण प्रवाह वाढू लागताच एमिटरचे व्होल्टेज वर सरकते, बेस-एमिटरमधील अंतर घटते आणि वाढ तिथेच आवरली जाते. तापमानाच्या दर अंशाला हे अंतर सुमारे २ मिलिव्होल्टने कमी लागते, त्यावरही हाच एमिटर रेझिस्टर लगाम ठेवतो.

मात्र हा लगाम सिग्नललाही लागू पडतो, म्हणून एमिटर रेझिस्टरला समांतर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जोडतात. तो सुकला की वर्धन दोनशेपटींच्या आसपासवरून जेमतेम चारपटींवर येते, पण मल्टिमीटरवर तिन्ही पायांचे आकडे ठाकठीक दिसतात आणि निर्दोष ट्रान्झिस्टर उपटला जातो. अशा वेळी सोल्डरिंग आयर्न हाती घेण्याआधी, एनपीएन ट्रान्झिस्टर असल्यास धन टोक एमिटरकडे ठेवून, एक चांगला कपॅसिटर समांतर टेकवून पाहावा.