मापाचं शीड

रायपूरच्या तेलीबांधा तलावाकाठी माझे मामा रोज संध्याकाळी फिरतात. परवा मीही बरोबर होते. मामा जरा घुश्शातच होते.

"चिरंजीवांनी गोव्यात जुनी शिडाची बोट घेतलीय. आता नव्या शिडांसाठी पैसे हवेत. शीड म्हणजे कापडच ना? जुन्याच्या मापाने शिवून घे म्हटलं, तर हसतो!"

मामींची काळजी वेगळी. त्या बोटीवर सून आणि सात वर्षांची नातही जाते.

वाचकहो, शिंप्याकडे आपण मापाचं ब्लाउज देतो, पण शिडाच्या बाबतीत ही युक्ती फसते. जुनं शीड उन्हावाऱ्याने ताणलेलं असतं, त्याचा फुगवटा मागे सरकलेला असतो. अशा शिडाने बोट कलते जास्त, पुढे जाते कमी. म्हणून माप घ्यायचं ते बोटीचं.

मापं मुख्यतः चार. मोठं शीड डोलकाठीवर किती चढतं आणि खालच्या आडव्या काठीवर किती पसरतं, ही दोन. उंची 11 मीटर आणि पसारा 4 मीटर असेल, तर त्रिकोणाच्या हिशेबाने साधारण 22 चौरस मीटर कापड वारा झेलतं. पुढच्या शिडासाठी, ते ज्या तारेवर चढतं तिची डोलकाठीवरची उंची आणि त्या तारेच्या बुडापासून डोलकाठीपर्यंतचं अंतर, ही उरलेली दोन.

पुढचं शीड या अंतराच्या दीडपट रुंद घेण्याचा मोह होतो. पण घरच्या माणसांनी चालवायच्या बोटीला सव्वा ते 1.35 पट पुरे. मंद वाऱ्यात वेग थोडा घटतो, मात्र वारा चढला की शीड आवरता येतं. कापड साधं, मजबूत पॉलिएस्टरचं घ्यावं. शर्यतीची थरांची कापडं हलकी खरी, पण महाग आणि कमी टिकाऊ. मोठ्या शिडाला ते टप्प्याटप्प्याने लहान करण्याची सोय दोन-तीन ठिकाणी हवीच.

शीड किती मोठं, हे शेवटी हात किती यावर ठरतं. गोव्याच्या दिवाडी बेटावर बांधलेल्या 'तारिणी'तून नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच 2 ऑक्टोबर 2024 रोजी पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या आणि 29 मे 2025 रोजी परतल्या. दक्षिणेच्या खवळलेल्या समुद्रात शिडं चढवायला आणि उतरवायला चारच हात होते!

हे सांगितलं, तेव्हा मामा तलावाकाठच्या 82 मीटर उंच ध्वजस्तंभाकडे बघत होते. वर वाऱ्याने ध्वज फडफडत होता.

घरी येताच त्यांनी गोव्याला फोन लावला. पैशांचं नावही काढलं नाही. विचारलं एवढंच, "वारा वाढला, तर शीड सूनबाईला एकटीला उतरवता येईल ना?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग उत्तर आलं, "बाबा, तिच्याकडून एकदा उतरवून बघतो. मगच माप देतो."