नमुना सोपा, उपचार सोपा नव्हे

केस, रक्त, लघवी अशा सहज मिळणाऱ्या नमुन्यांतल्या पेशींपासून स्टेम सेल, म्हणजे मूलपेशी, बनवता येतात. या शोधाबद्दल दोन मते हिरिरीने मांडली जातात. एक म्हणते, इतकी वर्षे गाजावाजा झाला, पण रुग्णाच्या पदरात काय पडले? दुसरे म्हणते, पेशी आपल्याच, त्या काढायलाही सोप्या, मग धोका कसला? उपचार आजच करून घ्यावा. माझ्या मते दोन्ही चुकीची आहेत आणि दुसरे तर घातक आहे.

क्योटो विद्यापीठातील शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी 2006 साली 24 जनुकांतून चार निवडली आणि ती उंदराच्या साध्या पेशींत घातली. आपले ठरलेले काम सोडून त्या पेशी भ्रूणातल्या मूलपेशींसारख्या झाल्या. त्यांच्यापासून चेतापेशी, हृदयाच्या पेशी, डोळ्याच्या पेशी घडवता येऊ लागल्या. 2007 मध्ये मानवी त्वचेच्या पेशींवर हेच साधले. पुढच्याच वर्षी बार्सिलोनातील संशोधकांनी उपटलेल्या केसाच्या मुळाशी चिकटलेल्या पेशी वापरल्या. नंतर हाताच्या शिरेतले रक्त पुरू लागले आणि ग्वांगझूच्या संशोधकांनी लघवीतल्या पेशींवरही हे करून दाखवले. यामानाकांना 2012 चे नोबेल मिळाले, ते जॉन गर्डन यांच्याबरोबर.

आता ‘पेशी आपल्या, म्हणून निर्धोक’ हे मत तपासू. यामानाकांच्या चार जनुकांपैकी सी-मिक हे कर्करोगाशी संबंध असलेले जनुक आहे. सुरुवातीच्या पद्धतीत विषाणूमार्फत ही जनुके पेशीच्या डीएनएत कायमची बसत. धोका ओळखूनच नंतर जनुके डीएनएत न शिरवणाऱ्या पद्धती आल्या. तरीही पूर्ण न घडलेल्या पेशी रोपणात राहून गेल्या, तर त्यांची गाठ होऊ शकते. कोबेमध्ये मासायो ताकाहाशी यांच्या गटाने 2014 साली एका वृद्ध महिलेच्या डोळ्यात तिच्याच त्वचेपासून घडवलेला पेशींचा पातळ थर बसवला. तिची नजर सुधारली नाही, पण आणखी ढासळलीही नाही. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत मात्र जनुकीय बदल आढळले आणि ते रोपण थांबवण्यात आले. त्या पेशीही रुग्णाच्या स्वतःच्याच होत्या. विज्ञान इतके जपून पाऊल टाकते, तिथे ऑटिझमसारख्या स्थितीवर पैसे घेऊन ‘स्टेम सेल’ची इंजेक्शने देणाऱ्यांवर विश्वास का ठेवावा? बहुतेकदा तिथे अस्थिमज्जेतल्या किंवा चरबीतल्या पेशी टोचतात. यामानाकांच्या शोधाशी त्यांचा संबंधही नसतो. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट आहे: रक्ताच्या आजारांसाठीचे प्रस्थापित रोपण वगळता मूलपेशींचा वापर केवळ मंजूर चाचणीत व्हावा. हतबल आईबापांच्या आशेवर चालणारा हा धंदा थांबलाच पाहिजे.

पहिल्या मताला उत्तर वेगळे आहे. क्योटोत 2018 साली पार्किन्सनच्या रुग्णांवर चाचणी सुरू झाली. सात जणांच्या मेंदूत दात्याच्या पेशींपासून घडवलेल्या चेतापेशी सोडल्या. 2025 मध्ये निष्कर्ष आले: गंभीर दुष्परिणाम नाहीत, गाठी नाहीत, काही रुग्णांच्या हालचालींत सुधारणा. सात ही संख्या लहान आहे, हे मान्य. पण या शोधाची किंमत फक्त रोपणांच्या संख्येवर करणे हीच मुळात चूक आहे.

जिवंत माणसाच्या मज्जारज्जूतून चेतापेशी काढून तपासता येत नाहीत. एएलएस या आजारात मरतात त्या नेमक्या याच पेशी. हार्वर्डच्या संशोधकांनी रुग्णांच्या पेशींपासून त्या काचेच्या बशीत घडवल्या, तेव्हा त्या अतिउत्तेजित असल्याचे दिसले आणि अपस्माराच्या एका औषधाने शांत होतात हेही कळले. त्यावरून त्या औषधाची रुग्णांवर चाचणी झाली. 2016 मध्ये झिका विषाणू अर्भकाच्या मेंदूवर कसा घाला घालतो, तेही अशाच पेशींनी काही महिन्यांत उलगडले. औषध माणसाला देण्याआधी ते त्याच्या पेशींना देऊन पाहता येते, हे या शोधाचे आज हाती असलेले फळ आहे.

नमुना सोपा असण्याचे खरे मोल इथे आहे. भूल नको, शस्त्रक्रिया नको. त्यामुळे आजाराच्या अभ्यासात कोणत्याही गावचा रुग्ण सहभागी होऊ शकतो. बंगळुरूत निम्हान्स आणि इतर संस्था तीव्र मानसिक आजार असलेल्या कुटुंबांच्या रक्तापासून अशा पेशी घडवून अभ्यास करत आहेत. विदर्भातल्या सिकल सेलग्रस्त कुटुंबांसाठीही हे व्हायला हवे. दोष एकाच जनुकातला, तरी एकाला आजार कमी छळतो आणि दुसऱ्याला वारंवार रुग्णालय गाठावे लागते. याचे उत्तर त्यांच्याच पेशींत शोधावे लागेल. युरोप-अमेरिकेतल्या पेशीसंग्रहांत ते पुरते सापडणार नाही.

म्हणून माझी मागणी दुहेरी आहे. चाचणीबाहेर इंजेक्शने विकणाऱ्यांवर कारवाई व्हावी. आणि सरकारी पैशातून पेशीसंग्रह उभा राहावा, ज्यात संमतिपत्र मराठीत आणि गोंडीतही समजावून दिले जाईल व निष्कर्ष नमुना देणाऱ्यांपर्यंत पोहोचतील. नमुना देणे सोपे आहे, त्याचा मान राखणे ही आपली जबाबदारी आहे.