विश्लेषण : कॅसेट जपली, पण ती लावायची कशावर?

सोलापुरातल्या अनेक घरांत १९९० च्या दशकातल्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट अजून माळ्यावर किंवा कपाटात आहे. आज हयात नसलेले आजी-आजोबा तीत चालता-बोलताना दिसतात. मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही भाषांतले आवाज ऐकू येतात. गड्डा यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक किंवा बंद पडलेल्या गिरण्यांतल्या कामगारांची सभा त्या काळी कुणी चित्रित केली असेल, तर तीही अशाच काळ्या डब्यात आहे. कॅसेट जपली गेली. ती दाखवणारा व्हीसीआर मात्र भंगारात गेला.

व्हीसीआर दुर्मीळ का झाले?

जपानच्या जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस पद्धत १९७६ मध्ये आणली. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची ज्ञात कंपनी, जपानचीच फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. सुटे भाग मिळत नाहीत, हे त्यामागचे एक कारण होते. म्हणजे आज चालणारा प्रत्येक व्हीसीआर जुना आहे. त्यातला हेडचा ड्रम मिनिटाला १,५०० फेरे घेतो. हेड झिजतात, रबरी रोलर आणि पट्टे कडक होतात. दुरुस्ती जाणणारे कारागीरही कमी होत चालले आहेत.

फितीला काय होते?

प्लास्टिकच्या पट्टीवर चुंबकीय कणांचा थर चिकटवलेला असतो. दमट हवेत हा चिकट थर सैल पडतो, बुरशी धरते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर फीत तापते आणि वाकडी होते. ध्वनी-चित्र संग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘आयासा’ आणि युनेस्को यांनी चुंबकीय फितींबाबत २०१९ मध्ये धोक्याचा इशारा दिला होता. २०२५ च्या सुमारास फिती वाजवणे बहुतेक ठिकाणी अशक्य होईल, असा अभ्यासकांचा अंदाज होता. ते वर्षही मागे पडले.

मोठ्या संस्थांनी काय गमावले?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेव्हा फिती महाग होत्या. जुन्या फितीवर नवा कार्यक्रम नोंदवला जाई आणि आधीचा कायमचा पुसला जाई. तिथे फीत वाचली नाही. घरच्या कॅसेटींचे उलटे आहे. त्या वाचल्या, पण यंत्र संपत आले.

घरी काय करता येईल?

फितीवर पांढरी भुकटी दिसली तर ती व्हीसीआरमध्ये घालू नये. हेड खराब होतो आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. कॅसेटच्या कडेची छोटी प्लास्टिकची टाच तोडली, की चुकून त्यावर दुसरे काही नोंदवले जात नाही. कॅसेट पुस्तकासारखी उभी ठेवावी. तीन तासांची कॅसेट संगणकावर घ्यायला तीनच तास लागतात, घाई करता येत नाही. म्हणून जिची दुसरी प्रत नाही, ती आधी घ्यावी. फाइलच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या जागी असाव्यात. पेनड्राइव्हवर एकच प्रत ठेवणे म्हणजे कॅसेटचीच चूक पुन्हा करणे. यूट्यूबवर टाकले म्हणजे जतन झाले असेही नाही. लग्नाच्या व्हिडिओत मागे सिनेमाची गाणी असतील, तर कॉपीराइटमुळे आवाज बंद होऊ शकतो.

शहराने काय करावे?

प्रत्येक घराने व्हीसीआर शोधत बसणे शक्य नाही आणि गरजेचेही नाही. एक चांगला व्हीसीआर नीट राखला तर शेकडो घरांच्या उपयोगी पडतो. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, हिराचंद नेमचंद वाचनालय किंवा महापालिका यांपैकी कुणीही दोन-तीन चालू व्हीसीआर, एक संगणक आणि जाणकार कारागिराचा वेळ एकत्र आणू शकते. लोकांनी कॅसेट आणावी, फाइल घेऊन जावी आणि इच्छा असेल तर एक प्रत शहराच्या संग्रहासाठी द्यावी. खासगी क्षण खासगीच राहतील, ही हमी मात्र हवी.

सोलापूरचा गिरण्यांचा इतिहास कागदावर बराच सापडतो. त्या पिढीची चाल, बोली आणि हसणे मात्र फितीवरच आहे. चालू व्हीसीआर हाताशी आहेत, तोवरच हे काम होऊ शकते.