पाचोळा जाळला, तर जंगल कशावर वाढेल?



फाल्गुन-चैत्र आला की किनवट-माहूरच्या डोंगरांना वणवे लागू लागतात. नांदेड जिल्ह्यातले बहुतेक जंगल याच भागात आहे. साग, मोह, पळस, टेंभुर्णीच्या या रानावर आदिवासी बांधवांप्रमाणेच आपल्या समाजातील भूमिहीन कुटुंबेही पोट भरतात. आपल्या आयाबहिणी पहाटे उठून तेंदूपत्ता तोडतात, सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधतात. मोहफुले वेचायला जमीन साफ व्हावी, टेंभुर्णीला कोवळी पालवी भरपूर फुटावी, म्हणून कोणीतरी काडी ओढतो. झाडे तर उभीच राहतात, नुसता पाचोळा जळतो, त्यात काय बिघडले? असे अनेकांना वाटते. म्हणून आज आम्ही या पाचोळ्याविषयीच लिहीत आहोत.

पाचोळा म्हणजे जंगलाचे शेणखत. रानात कोणी खताची गोणी टाकत नाही. झाड जमिनीतून जे घेते, त्यातले बरेचसे पानगळीने जमिनीला परत करते. वाळवी, गांडुळे आणि बुरशी ती पाने कुजवतात. त्याने माती भुसभुशीत होते, पाणी मुरते, ओल टिकते. आग लागली की पानांतले नत्र धुरावाटे उडून जाते आणि उरलेली राख पहिल्याच पावसात ओढ्याला लागते. लहान रोपे करपतात. ज्यांची मुळे जिवंत राहतात ती पुन्हा फुटतात आणि पुढच्या वणव्यात पुन्हा जळतात. अशी रोपे वर्षानुवर्षे गुडघ्याच्या वर जात नाहीत. मग जुनी झाडे गेल्यावर त्यांची जागा घेणार कोण?

सागाचेच पाहा. त्याचे पान सुपाएवढे. पावसाचे थेंब त्यावर एकत्र होऊन मोठे होतात आणि उंचावरून खाली आदळतात. खाली पाचोळा आणि झुडपे असली तर तो मार ती झेलतात. जमीन उघडी असली तर माती उडते आणि सागाच्या सावलीतच जमीन धुपते. म्हणून सागाखाली पाचोळा राहिला पाहिजे आणि सागाबरोबर मोह, ऐन, बांबूही वाढले पाहिजेत. गुरांचेही तसेच. ओल्या जमिनीवर सतत खूर पडले की माती दाबली जाते, पाणी मुरत नाही, बी रुजत नाही. चराई बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. गुरे ज्याच्या दावणीला आहेत त्याचेही पोट आहेच. पण पाळीपाळीने एकेक भाग मोकळा ठेवता येतो.

आता लातूरकडे वळू. तेथे जंगल जिल्ह्याच्या एक टक्काही नाही. २०१४ आणि २०१५ असे लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. त्याच वर्षी १ जुलैला राज्यभर दोन कोटी रोपे लावण्याची मोहीम झाली. मोहिमेला आमचा विरोध नाही. पण पाणी रेल्वेने आणता येते, वाहून गेलेली माती कोणत्या गाडीने आणणार? बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. भारी काळ्या जमिनीत पाणी साचते, तेथे साग खुरटतो. तेथे बाभूळ, कडुनिंब, करंज लावावा. मुरमाड माळावर सीताफळ तग धरते. आधी उतारावर सलग समतल चर, मग रोपे, आणि रोपांच्या बुडाशी पाल्याचे आच्छादन, हा क्रम उलटा करून चालत नाही.

अशी रोपे पुष्कळदा गायरानावर लागतात, आणि गायरान हा आपल्या जिव्हाळ्याचा प्रश्न. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली भूमिहीनांनी सत्याग्रह केला, तो अशा पडीक जमिनींसाठी. ज्यांनी दगड वेचले, बांध घातले, डोक्यावरून शेणखत वाहिले आणि माळाची शेती केली, त्यांच्याइतके मातीचे शिक्षण कोणाचे? त्यांना विचारल्याशिवाय त्या जमिनीत एकही खड्डा खोदला जाऊ नये.

बांधवांनो, तेंदूच्या हंगामाआधी झुडपे कोयत्याने छाटली तरी नवी पालवी फुटते, त्याला आग लागत नाही. मोहाखाली पाला झाडून बाजूला करा, पेटवू नका. १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगलात आग लावणे गुन्हा आहे, आणि गुन्हा दाखल होतो तो गरिबावर, हेही विसरू नका. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक जंगल राखण्याचा हक्क दिला आहे. बिगर आदिवासींना मात्र १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, वास्तव्य आणि जंगलावरचे अवलंबन दाखवावे लागते. आजोबा-पणजोबांचे कागद जपून ठेवा. ग्रामसभेत बसा आणि लावलेली रोपे किती, हे विचारण्याआधी जगलेली किती, ते विचारा.

सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात विनाकारण जंगले जाळण्यास मनाई केली आहे. जीवजंतू असलेले भुसकटही पेटवू नये, असे त्यात सांगितले आहे. पाचोळ्यातल्या किड्यामुंगीपर्यंत ही करुणा पोचली होती. आपण त्याच धम्माच्या वाटेवर चालणारी माणसे. या उन्हाळ्यात आपल्या हातून रानात एकही काडी ओढली जाऊ नये, एवढीच आमची विनंती.

जय भीम!