पाणी कुठून येणार?

थीम गार्डनचा आराखडा घेऊन कुणी कार्यालयात आलं, की आम्ही एकच प्रश्न विचारतो आणि बहुतेक वेळा गप्पा तिथेच अडखळतात. पाणी कुठून येणार? ‘बोअर मारू’ किंवा ‘एसटीपीचं (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं) आहेच की’ हे ठरलेलं उत्तर. जपानी कोपरा, मोगल चौक, गुलाबवाटिका, फुलपाखरू उद्यान सगळं रंगवून तयार असतं; जमिनीच्या लेव्हल तेवढ्या घ्यायच्या राहिलेल्या असतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका उद्यानात जाणं झालं. धबधबा सगळ्यात उंच टोकाला, पंपहाऊस पार तळाशी, पंप बंद. हौदात शेवाळ आणि शेंगदाण्याच्या पुड्यांचे कागद. माळीदादांना विचारलं तर म्हणाले, “साहेब, उद्घाटनाला चालू होता की.”

पैसा ओतला म्हणून हे दुखणं बरं होत नाही. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने व्हर्सायच्या कारंज्यांसाठी सीन नदीचं पाणी वर चढवायला मार्ली इथे 14 चाकांचं अवाढव्य यंत्र बसवलं. 1684 साली ते सुरू झालं, तरी सगळी कारंजी एकदम उडती ठेवण्याइतकं पाणी काही मिळेना. मग राजा फिरायला निघाला की कारंजेवाले शिट्टी वाजवून पुढच्याला इशारा करत. राजा समोर आला की कारंजं सुरू, त्याची पाठ वळली की बंद. मंत्र्यांची गाडी फाटकाशी आल्यावर आपल्याकडे जी धावपळ होते, तिला चांगली साडेतीनशे वर्षांची परंपरा आहे म्हणायची!

याच्या उलट श्रीनगरची शालिमार बाग, 1619 च्या सुमारास जहांगीरने करवून घेतलेली. वरच्या ओढ्याचं पाणी मधल्या पाटातून टप्प्याटप्प्याने दल सरोवराच्या दिशेने उतरतं. खालचा टप्पा दरबारासाठी, मधला बादशहाचा, सगळ्यात वरचा जनान्याचा. बागेचे विभाग उतारानेच पाडून दिले. कुठे काय आहे ते सांगायला पाटी लागली नाही.

मोगल बागांमधली ‘चादर’ तर आपल्यापैकी प्रत्येकाने जवळ बसून पाहावी. तिरकी लावलेली दगडी फरशी, तिच्यावर माशाच्या खवल्यांसारखी कोरीव नक्षी. वरून येणारं पाणी बोटभर जाडीचंही नसतं. पण प्रत्येक खवल्यावर ते फुटतं, पांढरं होतं, ऊन पकडतं आणि खळखळत राहतं. आपण त्या जागी गुळगुळीत पॉलिश ग्रॅनाइट लावतो. पाणी दगडाला चिकटून मुकाट्याने उतरतं, लांबून भिंत नुसती ओली दिसते. मग ठेकेदार म्हणतो, मोठा पंप टाकू. दगडावर छिन्नी चालवायची तिथे आपण वीज जाळतो. काही ठिकाणी पडत्या पाण्यामागे कोनाडे ठेवलेले असत, दिवसा फुलदाण्यांसाठी आणि रात्री दिव्यांसाठी. दिव्यांचं तेल सोडलं तर याला चालवण्याचा खर्च कसला?

पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान आपल्या वाचकांच्या पायाखालचं आहे. ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं, दहा एकरांचं. तिथला ओहोळ पटतो, कारण त्याला शेजारच्या कालव्याचं पाणी आहे. मूळ कोराकुएन 1700 साली पूर्ण झालं, नदीच्या कुशीत. त्या बागेत भातखाचर आहे, चहाचा मळा आहे आणि एका विश्रामगृहाच्या मधोमध पाट काढलेला आहे. दोन्ही बाजूंना बसायचं आणि मधून पाणी जाऊ द्यायचं. आपल्याकडे जपानी थीम म्हटली की दगडी दिवा आणि लाल पूल आधी येतात, भातखाचर कुणी मागत नाही. मावळातसुद्धा नाही!

आता थोडा हिशेब. दख्खनच्या कडक उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला आठ मिलीमीटरने सहज उतरते. हजार चौरस मीटरचा तलाव असेल तर रोज 8,000 लिटर गेले, म्हणजे जवळजवळ एक टँकर, आणि यात गळती धरलेली नाही. कारंज्याचं वाऱ्याने उडणारं पाणी वेगळंच. म्हणून नोझलपासून हौदाच्या काठापर्यंत निदान कारंज्याच्या उंचीइतकं तरी अंतर हवं. रोज असं उडून जाणाऱ्या पाण्याचा आकडा अंदाजपत्रकात क्वचितच दिसतो.

झाडांचंही तेच. नक्षत्रवनाची हौस सध्या जोरात आहे. सत्तावीस झाडं गोलाकार, समान अंतरावर, सगळ्यांना एकच ड्रिप. स्वातीचा अर्जुन हा नदीकाठचा, कृत्तिकेचा उंबर आणि रोहिणीचं जांभूळ ओढ्याकाठी खुलणारे. मृगाचा खैर मात्र मुरमाड माळावरचा गडी. एकाच वर्तुळात कुणी तरी उपाशी राहणार, नाही तर कुणी तरी बुडणार. त्यापेक्षा वर्तुळ मोडावं. खैर उतारावर वर न्यावा, अर्जुन खाली पाणी साचतं तिथे ठेवावा. पत्रिकेला काही होत नाही.

पुढील अंकापासून ‘नवे प्रकल्प’ या सदरात प्रत्येक उद्यानासोबत चार ओळी जास्त छापणार आहोत. पाण्याचा स्रोत, वरच्या आणि खालच्या टोकातला लेव्हलचा फरक, उन्हाळ्यात रोजची भर किती आणि पंप दिवसाचे किती तास चालतात. माहिती पाठवताना या चार गोष्टी आठवणीने लिहा. फोटो मात्र उद्घाटनाचा नको, मेमधला हवा.